अभयदान : चावऱ्या कुत्र्याच्या पुनर्वसनाचा विचार



जीवदया हा विषय या समाजाला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. वृद्ध गाईबैलांसाठी गोशाळा, पक्ष्यांसाठी दाणापाणी, मकरसंक्रांतीच्या दिवसांत मांज्याने जखमी होणाऱ्या पाखरांसाठी उपचारशिबिरे हे सारे पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. परंतु दयेची कसोटी गरीब गाईपुढे लागत नाही. जो जीव मदतीसाठी पुढे केलेल्या हातालाच चावतो, त्याच्यापुढे ती लागते. आश्रयगृहातील एखादा कुत्रा दोनतीन माणसांना चावलेला असतो, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात गुरगुरत बसलेला असतो आणि त्याला कोणीही घरी नेण्यास तयार नसते. अशा कुत्र्याचे काय करावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

हा विषय जीवदयेच्या परंपरेत परका नाही. मुंबईत १८३२ साली ब्रिटिश प्रशासनाने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम कडक केली, तेव्हा शहरात मोठा दंगा उसळला. त्यात पारशी समाज अग्रभागी होता आणि अन्य समाजांचे लोकही निषेधात सामील झाले होते. त्यानंतर १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. म्हणजे या शहरातील सर्वांत जुन्या जीवदया संस्थेच्या जन्मामागे रस्त्यावरचा कुत्राच उभा आहे. त्या वेळी प्रश्न त्याचा प्राण वाचविण्याचा होता. प्राण वाचल्यानंतर त्याच्या मनातील भय कसे घालवावे, हा पुढचा प्रश्न मात्र बराच काळ कोणी विचारला नाही.

आज तो विचारणे भाग आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ अन्वये भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडावयाचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजीच्या आदेशात ही पद्धत मान्य करताना रेबीजग्रस्त, रेबीजचा संशय असलेली आणि आक्रमक वर्तनाची कुत्री अपवाद ठरविली. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्री उचलून आश्रयगृहांत ठेवण्यास आणि त्याच जागी पुन्हा न सोडण्यास सांगितले. याचा सरळ अर्थ असा, की चावऱ्या कुत्र्यांचा भार यापुढे आश्रयगृहांवर आणि पर्यायाने ती चालविणाऱ्या विश्वस्त संस्थांवर अधिक येणार. तेव्हा हे काम केवळ अंतःकरणाच्या ओलाव्याने भागणारे नाही, त्यास शास्त्राचीही जोड हवी.

प्रथम माणसाच्या सुरक्षिततेचा विचार करू. कुत्रा चावल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, मिरची, चुना असे काहीही लावू नये. तत्काळ डॉक्टरांकडे जाऊन रेबीजची लस सुरू करावी. त्वचा फाटून रक्त आले असल्यास लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. रेबीजची लक्षणे एकदा प्रकट झाली, की तो रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. मात्र वेळीच घेतलेली लस तो टाळू शकते. चावलेल्या कुत्र्यास दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवतात. दहा दिवसांनंतरही तो निरोगी असेल, तर चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेतून रेबीज पसरत नव्हता, असा निष्कर्ष निघतो. आश्रयगृहात काम करणाऱ्या सेवकांना तर ही लस आगाऊच टोचून ठेवावी. सेवकाचा जीव धोक्यात घालून केलेली जीवदया अपुरीच म्हटली पाहिजे.

आता कुत्रा चावतो का, हे पाहू. लोकव्यवहारात चावऱ्या कुत्र्याला दुष्ट, माजलेला, खुनशी अशी विशेषणे लावली जातात. प्रत्यक्षात आश्रयगृहांतील बहुसंख्य चाव्यांच्या मुळाशी भय असते. ज्याने पिलू असताना माणसाचा स्पर्श अनुभवला नाही, ज्याने काठी आणि दगड अनुभवले, ज्याला जाळ्यात पकडून गाडीत कोंबून अनोळखी जागी आणले, त्याच्या दृष्टीने जवळ येणारा प्रत्येक हात संशयास्पद असतो. मोकळ्या रस्त्यावर तो पळून जाऊ शकला असता. पिंजऱ्यात किंवा साखळीला पळण्याची वाट उरत नाही, आणि मग दात हेच एक साधन शिल्लक राहते. एकदा चावल्यावर माणूस मागे सरकतो, हेही तो शिकतो. पुढच्या खेपेस तो अधिक लवकर चावतो. दुखरा कान, किडलेला दात, सांध्यांची वेदना अशीही कारणे असतात. म्हणून चावऱ्या कुत्र्याला पहिल्यांदा पशुवैद्याकडे नेऊन त्याला कोठे दुखते आहे का, ते तपासून घ्यावे लागते.

कुत्रा सहसा एकाएकी चावत नाही. तो आधी अनेकदा सांगतो, पण माणसाला ती भाषा वाचता येत नाही. तो तोंड फिरवतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, समोर खाद्य नसताना ओठ चाटतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरपे पाहतो, अंग ताठरतो, शेपूट पोटाखाली घेतो आणि अखेरीस गुरगुरतो. गुरगुरणे ही त्याची शेवटची विनंती असते. त्या वेळी त्याला मारले, तर तो गुरगुरणे सोडून देतो. त्याचे भय मात्र तेथेच राहते. पुढे तो पूर्वसूचना न देता चावतो आणि लोक म्हणतात, "काहीही कारण नसताना चावला." शिक्षा करून घंटा बंद पडते, आग विझत नाही.

मग उपाय कोणता? त्याचे मूळ दोन जुन्या प्रयोगांत सापडते. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांना पचनसंस्थेवरील संशोधनासाठी १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अन्नापूर्वी ठराविक संकेत वारंवार दिला, की पुढे केवळ त्या संकेतानेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्यांनी दाखवून दिले. नंतर १९२४ साली अमेरिकेतील मेरी कव्हर जोन्स या संशोधिकेने सशाला घाबरणाऱ्या सुमारे तीन वर्षांच्या एका मुलावरील आपला प्रयोग प्रसिद्ध केला. मूल आवडीचा खाऊ खात असताना ससा आधी खोलीत दूर ठेवण्यात आला आणि क्रमाक्रमाने जवळ आणण्यात आला. अखेर ते मूल सशाला निर्धास्तपणे हात लावू लागले. भित्र्या कुत्र्याच्या पुनर्वसनाची पद्धत याच पायावर उभी आहे.

प्रत्यक्षात ते असे केले जाते. समजा, कुत्र्याला अनोळखी पुरुषांची धास्ती आहे. एक पुरुष इतक्या अंतरावर उभा राहतो, की कुत्र्याला तो दिसावा, पण त्याने अंग ताठरू नये. माणूस दिसला, की लगेच कुत्र्यापुढे आवडीचा खाऊ पडतो. माणूस नजरेआड झाला, की खाऊही थांबतो. हा क्रम उलटा होता कामा नये. आधी खाऊ दाखवून मागून माणूस आणला, तर कुत्रा खाऊलाच संकटाची चाहूल समजू लागतो. कुत्र्याने खाणे थांबविले, तर अंतर कमी पडले असे समजून माणसाने मागे सरकावे. अभ्यास काही मिनिटांचाच असावा आणि तो कुत्रा शांत असतानाच संपवावा. काही दिवसांनी माणूस दिसताच कुत्रा खाऊच्या अपेक्षेने सेवकाकडे वळून पाहू लागतो. त्याच्या मनातील हिशेब बदलू लागल्याची ती पहिली खूण होय. त्यानंतरच अंतर एकेका पावलाने कमी करावे. येथे घाई करणारा माणूस महिन्याची कमाई एका क्षणात गमावतो.

शाकाहारी संस्थांनाही हे काम अवघड नाही. पनीरचे वाटाण्याएवढे तुकडे बहुतेक कुत्र्यांना अत्यंत प्रिय असतात. मनुका, द्राक्षे, चॉकलेट, कांदा आणि लसूण मात्र कुत्र्याला बाधतात, ते कदापि देऊ नयेत. कित्येकदा मायेने दिलेल्या प्रसादाच्या शिऱ्यातील मनुकाही घातक ठरू शकतात.

खाऊइतकेच महत्त्व विश्रांतीला आहे. आश्रयगृहातील भुंकण्याच्या गदारोळात कुत्र्याला झोप मिळत नाही. एका भयाचा ताण उतरण्यापूर्वीच दुसरा चढतो आणि ताण साचत साचत एखाद्या क्षुल्लक निमित्ताने उफाळून येतो. म्हणून अशा कुत्र्यासाठी वर्दळीपासून दूर जागा असावी, लपून बसण्यास खोके किंवा आडोसा असावा, रोज एकाच सेवकाने एकाच वेळी अन्न द्यावे. पहिले काही दिवस त्याच्याकडून काहीही अपेक्षू नये. सेवकाने पाठमोरे वा तिरपे बसावे, रोखून पाहू नये, डोक्यावरून हात नेऊ नये. कुत्रा आपणहून जवळ आला, तर छातीपाशी क्षणभर खाजवून हात काढून घ्यावा आणि तो पुन्हा मागतो का ते पाहावे. नको असल्यास निघून जाण्याची मुभा त्याला असली, की चावण्याची गरज त्याला क्वचितच भासते.

त्याच्या तोंडाला घालावयाचे जाळीदार मुसके हा काही अपमान नव्हे. त्यातून त्याला धापा टाकता याव्यात, पाणी पिता यावे, खाऊ घेता यावा. मुसके जबरीने चढवू नये. आत पनीर ठेवून त्याने स्वतःहून तोंड घालावे, असे काही दिवस करावे. मुसके घातलेल्या कुत्र्याजवळ माणसे न घाबरता वावरतात, आणि माणसांची भीती कमी झाली की कुत्र्याचीही कमी होते.

हे सर्व खरोखर साध्य होते काय? याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील आहे. एप्रिल २००७ मध्ये व्हर्जिनिया राज्यात मायकेल विक या प्रसिद्ध फुटबॉलपटूच्या मालमत्तेवर छापा पडला आणि कुत्र्यांच्या झुंजींचा अमानुष व्यवसाय उघडकीस आला. विक यांनी गुन्हा कबूल केला आणि डिसेंबर २००७ मध्ये त्यांना तेवीस महिन्यांची शिक्षा झाली. तेथून सोडविलेल्या सुमारे पन्नास कुत्र्यांबद्दल त्या वेळी जाणकारांचेही मत असे होते, की त्यांना मारून टाकणेच श्रेयस्कर. न्यायालयाने मात्र घाई केली नाही. प्रत्येक कुत्र्याची वेगवेगळी तपासणी करविली, रेबेका हस या कायद्याच्या प्राध्यापिकेस त्यांची पालक नेमले आणि विक यांच्याकडून त्यांच्या देखभालीसाठी नऊ लाख डॉलरहून अधिक रक्कम भरून घेतली.

तपासणीत जे दिसले, ते अनेकांना अनपेक्षित होते. त्यातील कित्येक कुत्री आक्रमक नव्हतीच; माणूस दिसताच ती जमिनीला चिकटून थरथरत पडत. सत्तेचाळीस कुत्री निरनिराळ्या संस्थांकडे सोपविण्यात आली. त्यापैकी बावीस कुत्री, ज्यांना अधिक काळजीची गरज होती, युटा राज्यातील कॅनब गावाजवळच्या बेस्ट फ्रेंड्स या संस्थेकडे गेली. तेथे प्रत्येकाचे भय आणि आत्मविश्वास यांची नियमित नोंद ठेवली जाई. पुढे यांतील अनेक कुत्री घराघरांत गेली, मुलाबाळांत राहिली. काहींनी रुग्णालयांतील आजाऱ्यांना सोबत करण्याचेही काम केले. त्या कुत्र्यांपैकी शेवटचा फ्रोडो डिसेंबर २०२१ मध्ये वार्धक्याने, आपल्या घरच्या माणसांत मरण पावला.

या उदाहरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सर्वच कुत्री घरी गेली नाहीत. एका कुत्र्याचे वर्तन सुधारण्यापलीकडचे आहे असे परीक्षकांचे मत पडल्याने त्याला मरण देण्यात आले. मेरिल नावाच्या कुत्रीला अनोळखी माणसे सहन होत नसत. तिने आयुष्यभर त्या संस्थेतच राहावे, असा न्यायालयाचा आदेश होता. तेथे ती आपल्या परिचित सेवकांच्या सहवासात सुखाने राहिली. जे कुत्रे घरी पाठविणे धोक्याचे आहे, त्याला परिचित माणसांत, सुरक्षित कुंपणात आजीवन सांभाळणे हा मार्ग पांजरपोळीच्या परंपरेस चांगला ठाऊक आहे. सर्वांना घर मिळालेच पाहिजे, असा हट्ट धरणे हीदेखील दया नव्हे.

अमेरिकेतीलच एएसपीसीए या संस्थेने केवळ अतिशय भित्र्या कुत्र्यांसाठी पुनर्वसन केंद्र चालविले. २०१३ साली न्यू जर्सीत त्याचा आरंभ झाला आणि २०१८ पासून नॉर्थ कॅरोलायनात त्याची कायम वास्तू आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ४४१ कुत्र्यांपैकी सुमारे ८६ टक्के कुत्री उपचार पूर्ण करून घरी जाण्यायोग्य झाली. त्यास सरासरी तीन महिन्यांच्या आसपास काळ लागला. हे यश नियमित, संयत आणि नोंदी ठेवून केलेल्या कामाचे आहे.

आता सर्वांत नाजूक भाग, तो म्हणजे अशा कुत्र्याला घर देण्याचा. येथे चांगल्या चांगल्या संस्थांचा पाय घसरतो. कुत्र्याला एकदाचे घर मिळावे, या कळकळीने त्याचा पूर्वेतिहास झाकला जातो. "थोडा लाजाळू आहे," "प्रेम दिले की ठीक होईल," असे सांगून त्याला एखाद्या लहान मुलांच्या घरी पाठविले जाते. महिन्याभरात तो मुलाला चावतो. मग मूल जखमी, आईवडील संतप्त, कुत्रा पुन्हा पिंजऱ्यात, आणि त्याच्या नावावर आणखी एक चावा. एका असत्याने तीन जीवांची हिंसा झाली. व्यापारपेठेत सचोटीच्या दुकानदाराचा जुना दंडक आहे, की ताग्यात विणीचा दोष असेल तर तो गिऱ्हाइकाला दाखवावा आणि मगच कापड फाडावे. कापडाच्या बाबतीत जे पाळले जाते, ते सजीवाच्या बाबतीत पाळले जाऊ नये काय?

म्हणून प्रत्येक चाव्याची लेखी नोंद हवी : कोणाला चावला, कोठे, कशा प्रसंगी, आधी गुरगुरला काय, जखम किती खोल. पशुवर्तनतज्ज्ञ इयान डनबार यांनी चाव्याच्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्यांत दात त्वचेत शिरत नाहीत, अशा कुत्र्यांबाबत आशा पुष्कळ असते. तिसऱ्या पायरीत एकाच चाव्याच्या उथळ खुणा असतात, तेथे दीर्घ प्रयत्न आणि जाणता मालक लागतो. चौथ्या पायरीपासून जखम खोल असते आणि असा कुत्रा सामान्य घरात देणे धोक्याचे असते. सहावी पायरी म्हणजे प्राणहानी. 'चावरा' या एका शब्दाने सर्वांना एकाच मापाने मोजणे जसे अन्याय्य, तसेच 'बिचारा' या एका शब्दाने सर्वांना सोडून देणेही अनुचित.

घर निवडताना काही पथ्ये पाळावीत. लहान मुले असलेल्या घरी असा कुत्रा देऊ नये. इच्छुक कुटुंबाने आधी काही आठवडे आश्रयगृहात येऊन त्याची ओळख करून घ्यावी. घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीला त्याचा इतिहास वाचून दाखवावा व त्यावर सही घ्यावी. घरी गेल्यावर पहिले तीन दिवस तो बावरलेला असतो, तीन आठवड्यांत दिनक्रम समजतो, तीन महिन्यांत घर आपले वाटू लागते, असा आश्रयगृहांत रूढ असलेला ढोबळ आडाखा आहे. त्या काळात पाहुण्यांची गर्दी, फटाके, समारंभ यांपासून त्याला दूर ठेवावे. दाराची घंटा वाजली, की त्याला आतल्या खोलीत न्यावे. जेवताना व झोपलेला असताना त्याला कोणी हात लावू नये. त्याची लस दरवर्षी वेळेवर टोचावी. आणि जमले नाही, तर केव्हाही, दोष न देता तो परत घेतला जाईल, असे वचन संस्थेने द्यावे. परतीचे दार बंद असले, की अगतिक मालक अशा कुत्र्याला रात्री दूरच्या रस्त्यावर सोडून येतो, आणि तेथून पुन्हा तीच कहाणी सुरू होते.

बंधुभगिनींनो, दानाच्या प्रकारांत अभयदानाला श्रेष्ठ मानले आहे. अन्नदान आणि औषधदान एका दिवसात देता येते. अभय मात्र घेणाऱ्याच्या मनात हळूहळू रुजावे लागते, आणि घेणारा मुका असेल तर दात्याला त्याची भाषा शिकावी लागते. हे अभय एकट्या कुत्र्याला देऊन भागत नाही. पिंजरा झाडणारा सेवक, त्याला दत्तक घेणारे कुटुंब, शेजारचे शाळकरी मूल या सर्वांनाही ते मिळाले, तरच दान पूर्ण होते.

सुवर्णमहोत्सव हा झालेल्या कार्याचा ताळेबंद मांडण्याचा आणि पुढील कार्याचे खाते उघडण्याचा प्रसंग असतो. जीवदयेचे कार्य करणाऱ्या संस्थांनी या नव्या खात्यात तीन छोट्या गोष्टींसाठी तरतूद करावी : गोंगाटापासून दूर एक शांत खोली, लस टोचलेला व प्रशिक्षण घेतलेला एक सेवक, आणि प्रत्येक चाव्याची खरी नोंद असलेली एक वही. यासाठी फार मोठे भांडवल लागत नाही. जे लागते ते धैर्य आणि सत्य. कोपऱ्यात गुरगुरत बसलेला तो जीव एखाद्या सकाळी उठून, शेपूट सैल सोडून, आपणहून दोन पावले पुढे येतो. त्या दोन पावलांसाठी काही महिने वाट पाहण्याची तयारी ठेवणे, एवढेच या कामी मागितलेले दान आहे.

जय जिनेंद्र.